आईनंच काहीतरी दाबलं

१. आरोप

त्या सकाळी आमच्या घरात चोरी झाली. पैसाअडका गेला नाही, भांडीकुंडी गेली नाहीत. धाकट्या सुनेच्या लॅपटॉपवरचं नेट गेलं. आणि ते कुणीतरी मुद्दाम काढून घेतलंय हे कळायच्या आत चोर म्हणून माझं नाव लागलंसुद्धा.

आधी घर सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. पुढच्या खोलीत आमचं शिवणकामाचं दुकान. ते मी उभं केलं, आता थोरला मुलगा बघतो. मागे आम्ही राहतो: मी, थोरला, थोरली सून आणि धाकटी सून. धाकटी अंगानं एवढीशी आणि पायाला चाकं लावल्यासारखी, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा, दूरच्या एका शहरात नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की येतो. माडीवर भाडेकरू राहतो, तो लोकांच्या कवळ्या बनवतो, म्हणून दातवाला. वायफायचा डबा मधल्या खोलीत कपाटावर, आणि त्याचं नेट सगळ्यांना, अगदी माडीपर्यंत.

भिंगरीला कापड बेतायला मी शिकवलं. आता तेच ती खडूऐवजी कॉम्प्युटरवर करते. तिनं काढलेले नमुने बघून कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यानं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, आणि ती त्याच दिवशी दुपारी, लॅपटॉपवरून. ते माप देणार, हिनं त्यांच्या डोळ्यांसमोर बाही काढून दाखवायची. जमलं तर त्यांच्या शहरात जाऊन नोकरी. आज हजर राहिली नाही तर जागा दुसरीला, असं त्यांनी साफ कळवलं होतं.

आणि सकाळी लॅपटॉप उघडला तर नेट नाही.

गंमत बघा. थोरल्याचा फोन चालू. थोरलीचा चालू. टीव्ही चालू. भिंगरीचा फोनही चालू. बंद फक्त दोन वस्तू: भिंगरीचा लॅपटॉप आणि माझा फोन. मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून पाहिलं, पण आमच्या भिंती जाड, माणसाचा चेहरा अर्ध्यात गोठतो. म्हणून तर हा डबा घेतला होता.

थोरल्यानं डब्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "आई, काल तू हा पुसलास ना?"

पुसला होता. पुसून त्याला नवी खोळ घातली होती. आमच्या घरात मिक्सरला खोळ आहे, टीव्हीला आहे, मग डब्यानं काय पाप केलंय? उरलेल्या निळ्या कापडाची, झालरीची, दोन शिंगांसाठी दोन काजं केलेली खोळ. थोरली म्हणाली की आईंच्या फोनचंही गेलंय, म्हणजे आईंनीच काहीतरी दाबलं. पुरावा म्हणे. ज्याच्या घरी चोरी झाली तोच चोर.

माझा फोन म्हणजे भिंगरीचा जुना. तिनं स्वतःच्या कमाईतून नवा घेतला आणि हा होता तसा मला दिला, मी माझं कार्ड त्यात घातलं. आत नाव अजून तिचंच आहे. त्यातली गाणी मी टीव्हीवर लावते तेव्हा टीव्ही लिहितो, "भिंगरीचा फोन". या वयात मला भिंगरी म्हणणारा तो एकटाच.

भिंगरीनं नवऱ्याला एका ओळीचा निरोप पाठवला, नेट गेलंय, काय करू. त्याचा लगेच फोन आला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. धाकटा म्हणाला, "आईनंच काहीतरी दाबलं असणार. डब्याला कुणी हात लावू नका, आणखी बिघडेल. मी सुट्टीत आलो की बघतो. तोवर काय करणार? फोनवर नेट नाही, लॅपटॉपवर नाही. भिंगरी, त्यांना कळवून टाक, जमत नाही म्हणून."

भिंगरीनं लॅपटॉपचं झाकण मिटलं, हळू, आवाज न करता. ते मला बघवलं नाही.

चौथीत शाळा सुटली माझी, पण खोटा आळ अंगावर घेऊन बसायला कुठल्याच शाळेनं शिकवलं नव्हतं. मी उठले आणि दुकानातली कात्री घेऊन आले.

२. टाका

कात्री बघून थोरला घाबरला. त्याला वाटलं, आई वायर कापते.

मी डबा उचलला आणि उलटा धरला. मांजर ऊब घ्यायला डब्यावर चढायचं आणि खोळ ओढायचं, म्हणून काल मी ती खालून शिवूनच टाकली होती. धावदोरा, आणि मधूनमधून एक उलटा टाका. असा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे थोरल्याला माझ्याइतकंच माहीत. दोरा जसाच्या तसा होता. डब्याची बटणं मागच्या अंगाला, म्हणजे खोळीच्या आत. मी विचारलं, मी दाबलं ते कुठून? झालरीतून?

थोरली म्हणाली, खोळ घालायच्या आधी दाबलं असेल. मी म्हटलं, खोळ काल उन्हं उतरायच्या आत घातली, आणि रात्री झोपेपर्यंत मी याच फोनवर बहिणीशी चेहरा बघून बोलत होते. तेव्हा नेट काय तुझ्या माहेरून येत होतं?

मग मीच टाके उसवले. डब्याच्या पोटावर स्टिकर होता. दातवाल्याला माडीवरून खाली बोलावलं, त्याला यातलं कळतं. स्टिकरवरचे आकडे मी वाचले. अक्षरं मला सावकाश लागतात, पण आकड्यांत मला कुणी फसवू शकत नाही. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, एक. भिंगरीनं ते आपल्या फोनमध्ये घातले आणि डब्याचं पान उघडलं. हे त्या डब्याचं स्वैपाकघर, दातवाल्यानं सांगितलं. कुणाला वाढायचं आणि कुणाला उपाशी ठेवायचं ते इथं ठरतं.

पण दार बंद. पानानं पासवर्ड मागितला, भिंगरीनं स्टिकरवरचा घातला, खाली लाल अक्षरं आली. चुकीचा. पुन्हा एकेक अक्षर बघून घातला. पुन्हा लाल.

दातवाल्यानं चष्मा वर केला. म्हणाला, "काकू, हे फडकं मारून होत नाही. कुणीतरी या पानात शिरून पासवर्ड बदललाय. आणि आत गेल्यावर तुमचा फोन आणि हा लॅपटॉप, दोन्ही बंद केलेत."

मी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. सकाळपासून मला गुन्हेगार ठरवणाऱ्यांपैकी एकानंही चुकलं म्हटलं नाही. थोरला पंख्याकडे बघत होता.

दातवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. हे पान बाहेरून उघडत नाही, घरच्या नेटवर असावं लागतं.

म्हणजे ज्यानं केलं तो याच छपराखाली होता.

३. चौकशी

सुरुवात दातवाल्यापासूनच केली. ज्याला सगळं येतं त्याच्यावर पहिला संशय. माडीवर गेले तर टेबलावर कवळ्या वाळत ठेवलेल्या, जणू दहा माणसं एकदम मला हसतायत. नुकतंच मी त्याला झापलं होतं. हा रोज संध्याकाळी नेटवर कसलेकसले सिनेमे ओढून घ्यायचा आणि माझी मालिका अडकायची. मी म्हटलं, त्याचा राग काढलास?

तो रागावला नाही. म्हणाला, "राग काढायचा असता तर टीव्ही बंद केला असता, काकू. तुमच्या फोननं माझं काय घोडं मारलंय?" त्याचं म्हणणं असं, की जुना पासवर्ड ठाऊक असल्याशिवाय नवा घालता येत नाही. जुना स्टिकरवर, आणि स्टिकर माझ्या खोळीत शिवलेला. म्हणजे ज्यानं केलं त्यानं तो आधीच टिपून ठेवलेला असणार. डबा लावला तेव्हा तो स्वतः या घरात राहायलासुद्धा आला नव्हता. हे खरं होतं.

जाता जाता त्यानं एक उपाय सांगितला. डब्याच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी दाबून धरलं की डबा सगळं विसरतो आणि स्टिकरवरचा पासवर्ड पुन्हा चालतो. मग थांबलायस कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, थोरले नको म्हणतात. धाकट्यानं बजावलंय ना, हात लावाल तर डबा कायमचा बसेल.

थोरली स्वैपाकघरात भाजी चिरत होती. मी उंबऱ्यातूनच विचारलं, भिंगरी गेली तर घराचा सगळा भार तुझ्यावर, म्हणून केलंस का? तिनं विळी बाजूला सारली. माझी सूनच ती, उत्तर द्यायला मागे राहील? ती म्हणाली, "भार पडणार आहेच. ते मी भिंगरीला तोंडावर सांगितलंय, आमचं भांडूनही झालंय आणि मिटलंयही. आणि मला ते पान उघडता येत असतं ना, आई, तर आधी तुमची मालिका बंद केली असती."

तिच्या चपला दारात होत्या, चिखलानं भरलेल्या. सकाळी गेली कुठे होतीस, मी विचारलं. आधी सांगेना. मग म्हणाली, समोरच्या दवाखान्यात विचारायला गेले होते, दुपारी भिंगरीला तुमच्या नेटवर एखाद्या खोलीत बसू द्याल का. ते नाही म्हणाले, पेशंट असतात. मी चिरलेली भाजी उचलून पातेल्यात टाकली, तेवढं तिला पुरलं.

राहिला थोरला. त्याचं कारण सगळ्यात पक्कं. दुकानातलं सगळं बेतणं भिंगरी करते. ती गेली तर हा काय कापणार, वर्तमानपत्र? मशीनवर बसला होता आणि कॉलर उलटी जोडत होता. मी विचारलं तसं त्यानं पाय थांबवला. म्हणाला, "मला ती जायला नकोच आहे, आई. खोटं कशाला बोलू?" आणि कापडाच्या ठाणामागून त्यानं एक पाटी ओढून काढली. नवी, रंगाचा वास अजून येत होता. कापड बेतणारा कारागीर पाहिजे. निकालाआधी लावली तर अपशकुन वाटेल म्हणून लपवली होती, मठ्ठानं.

जो माणूस तिच्या जागी दुसरा शोधायची पाटी रंगवून घेतो, तो तिचं नेट कशाला तोडेल?

डब्याच्या स्टिकरचा फोटो कुणाकडे आहे, ते त्याला विचारलं. माझ्याकडे नाही, म्हणाला. धाकट्यानं काढला होता, जोडणी त्याच्याच नावावर आहे.

पण धाकटा तर इथे नव्हता.

४. टीव्ही काय म्हणाला

डोकं तापलं की मी गाणी लावते. फोनमध्ये भरून ठेवलेली आहेत, त्यांना नेट लागत नाही. टीव्हीला फोन जोडला आणि टीव्हीनं नेहमीसारखं लिहिलं, भिंगरीचा फोन.

मी ती अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली. गाणं चालू राहिलं, मी मात्र खुर्चीतून उठले.

सकाळपासून मी एकच विचारत होते, भिंगरीवर कुणाचा तरी डोळा असेल, पण माझ्या फोनवर कुणाचा? दातवाल्याला खाली बोलावलं. विचारलं, त्या पानात कोणती वस्तू कुणाची ते कळतं कसं? तो म्हणाला, नावं दिसतात. फोनला जे नाव दिलेलं असेल ते तिथं येतं. भिंगरीला विचारलं, तुझ्या लॅपटॉपचं नाव काय? भिंगरीचा लॅपटॉप. आणि नव्या फोनचं? त्याला तिनं नाव दिलंच नव्हतं, नुसते कंपनीचे आकडे आणि अक्षरं.

आता सरळ झालं. माझ्या फोनचा वैरी कुणी नव्हताच. कुणीतरी त्या पानात भिंगरीचं नाव शोधलं, जिथं दिसलं तिथं दाबलं, आणि तिचा फोन समजून माझा बंद केला.

पण ही चूक करणार कोण? थोरलीनं स्वतः माझं कार्ड या फोनमध्ये बसवलं होतं. थोरल्यानं त्याला कव्हर आणून दिलं. पडून काच तडकली ती दातवाल्यानं आपल्या हत्यारांनी बदलली. हा फोन आता म्हातारीचा, हे या घरात मांजरालाही ठाऊक. ठाऊक नसणारा माणूस एकच, फोन माझ्याकडे येण्याआधी जो गेला आणि नंतर आलेला नाही.

आणि सकाळचा आवाज माझ्या कानात पुन्हा वाजला. फोनवर नेट नाही, लॅपटॉपवर नाही.

भिंगरीच्या फोनवर नेट नाही, असं त्याला कुणी सांगितलं होतं? तिच्या हातातला फोन तर सकाळपासून धडधडीत चालू होता.

एकच गाठ राहिली. दातवाला म्हणत होता, घरात असल्याशिवाय ते पान उघडत नाही. मी डबा लावून गेलेल्या वायरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पान उघडत नाही हे बरोबर, मावशी, पण आमच्या कंपनीचं ऍप आहे. ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्या फोनवर मीच टाकून दिलं होतं. त्यातून जगाच्या पाठीवर कुठूनही कुणाचंही नेट बंद करता येतं, पासवर्डही बदलता येतो.

त्याला आणखी एक विचारलं. भोकात सुई घातली तर डबा कायमचा बसेल का? तो हसला. कुणी सांगितलं तुम्हाला, म्हणाला. खुशाल दाबा, थोड्या वेळानं आपोआप उभा राहतो.

कुणी सांगितलं, ते मला चांगलं माहीत होतं. नऊ महिने पोटात वागवलं होतं.

५. माझ्यासाठी

सगळ्यांना मधल्या खोलीत बसवलं. भिंगरीच्या फोनवरून धाकट्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

मी गोड आवाजात विचारलं, "काय रे, भिंगरीच्या फोनला नेट कधी येईल?"

"सांगितलं ना आई, मी आल्याशिवाय नाही. कळवलं का तिनं त्यांना?"

"तिच्या फोनवर नेट नाही हे तुला कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, तिनंच.

भिंगरी मध्येच बोलली. "मी एवढंच लिहिलं की नेट गेलंय. माझा फोन चालू आहे. आत्ताही चालू आहे."

"बंद आहे तो माझा," मी म्हटलं. "तुझ्या बायकोचा जुना फोन मी वापरते. तिचं तोंड बंद करायला गेलास आणि आईचंही केलंस."

त्याचा आवाज लहानपणी मार चुकवायचा असला की यायचा तसा आला. म्हणाला, "आई, मी तुझ्यासाठीच केलं. ती निघून गेली तर तुझ्याकडे कोण बघणार?"

आळ घेतलेला मी सोसला असता. पण हे? एका बाईचं दार लावायचं आणि कडी म्हणून माझं नाव घालायचं. वर सकाळी पुन्हा मलाच चोर करायचं.

मी त्याला म्हटलं, "तुझी नोकरी लागली तेव्हा तू दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. आईकडे कोण बघणार, हे तेव्हा कुणी विचारलं होतं? तू विचारलंस? माझी ढाल करून लढायचं असेल तर आधी मला विचारायचं. आणि मी सून आणली ती माणूस म्हणून, माझी काठी म्हणून नाही."

तो घाईनं म्हणाला की चुकलं आई, लगेच चालू करतो, एक मिनिट.

"नको," भिंगरी म्हणाली. "तू चालू केलंस तर उद्या तूच बंद करशील. आमचं आम्ही करतो." आणि तिनं फोन ठेवला.

थोरली सगळ्यात आधी उठली. सुया कुठे आहेत, विचारलं.

६. सुई

सुई मी दिली, दाब भिंगरीनं दिला. एकेक करून डब्याचे सगळे दिवे गेले. थोरला इतका गप्प झाला की मला वाटलं, आता हा रडतो. मग एक दिवा लुकलुकला, दुसरा लागला, आणि वायरवाला म्हणाला होता तसा डबा आपला आपण उभा राहिला. स्टिकरवरच्या पासवर्डनं पान उघडलं. भिंगरीनं लगेच पानाचा आणि वायफायचा, दोन्ही पासवर्ड बदलले, आणि वायरवाल्याला फोनवर विचारून धाकट्याच्या ऍपचं दारही तिथूनच लावून टाकलं. लॅपटॉपवर नेट आलं तेव्हा कारखान्याची माणसं पडद्यावर येऊन तिची वाटच बघत होती.

तिच्या खोलीचं दार लावलं आणि मी बाहेर स्टूल टाकून बसले. थोरल्यानं मशीन थांबवलं. आतून भिंगरीचा आवाज येत होता, आधी कापरा, मग ठाम. मुंढ्याला बाही बसवताना वरच्या गोलाईत थोडं कापड जास्त ठेवायचं, नाहीतर हात उचलला की ओढतं, असं ती त्यांना सांगत होती. हे माझं वाक्य, जसंच्या तसं. थोडं किती, ते मात्र तिनं मी शिकवल्यापेक्षा कमी सांगितलं. बाहेर आल्यावर पहिलं तेच सुनावलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

नोकरी मिळाली. पाटी दुकानावर लागली.

धाकटा पुढच्या सुट्टीत आला. मला सॉरी म्हणाला, माझ्या पायाशी बसला, माझा चहा आणून दिला. भिंगरी आत बॅग भरत होती, तिला मात्र अवाक्षर नाही. थोरलीनं भोळेपणानं त्याला वायफायचा नवा पासवर्ड देऊन टाकला.

त्याच दिवशी भिंगरी मला डब्याचं पान शिकवत होती. म्हणाली, मी नसताना तुमचं अडायला नको. माझ्या फोनचं नाव मी आधीच बदलून घेतलं होतं. आता टीव्ही मला मालकीण म्हणतो. पानावर एकाखाली एक नावं दिसत होती: मालकीण, थोरला, थोरली, दातवाला. सगळ्यात खाली एक नवं आलं होतं, धाकटा. त्याच्या पुढे एक बटण होतं. मी विचारलं, हे कशाचं? भिंगरीनं सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून बॅगेकडे वळली.

मी चष्मा लावला.

थोड्याच वेळात बाहेरून धाकट्याची हाक आली, फोनला नेट का येत नाही. थोरला मशीनवरून न उठता म्हणाला, आईनं काहीतरी दाबलं असेल.

धाकटा दारात येऊन उभा राहिला. मी त्याला म्हटलं, हो, या वेळी मीच दाबलंय. चालू करायचं तेही मला येतं. आधी आत जा आणि जे मला म्हणालास ते तिला म्हण.